चार वाजताचं आवर्तन

"पाय टेकू नको गो आये! टेकू नको सांगतोय ना! बॅटरी जाईल!"

आवाज जिन्यातून येत होता. शहापूरच्या आमच्या दवाखान्याचा जिना असा अरुंद की चढणाऱ्याला उतरणाऱ्याचा श्वास पोटात घ्यावा लागतो. त्या जिन्यातून एक लाल प्लॅस्टिकची खुर्ची वर येत होती. खुर्चीला दोन्ही बाजूंनी बांबू बांधलेले, पुढे दोन गडी, मागे दोन गडी, आणि खुर्चीत एक वाळकी म्हातारी, मांडीवर कापडी पिशवी घेऊन, पालखीतल्या देवीसारखी निवांत बसलेली. ओरडत होता तो तिचा मुलगा जयराम. वळणावर खुर्ची अडकली.

"अरे उतरते मी," म्हातारी म्हणाली. "धा तर पायऱ्या हायत."

"धा पायऱ्या म्हंजे किती ठोके, ठाऊक हाय का तुला? गप बस!"

मग कुणीतरी खालून रेटा दिला, कुणाचं तरी बोट चेंगरलं, भिंतीचा हातभर गिलावा पडला, आणि भागीरथीआजी माझ्यासमोर प्रकट झाल्या. वय ब्याऐंशी. छातीत डाव्या बाजूला, खांद्याच्या हाडाखाली, माझी जुनी ओळखीची डबी.

मी पेसमेकरचा टेक्निशियन. डॉक्टर नव्हे. डॉक्टर डबी बसवतात, मी त्या डबीशी गप्पा मारतो. तीस वर्षं हेच केलं. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शहापूर, चौथ्या शनिवारी मुरबाड. माझ्याकडे एक मशीन असतं, त्याला प्रोग्रॅमर म्हणतात. दिसायला जाडजूड लॅपटॉप, वजनाला मात्र जात्याची तळी. त्याला वायरनं जोडलेलं एक गोल हेड असतं. ते पेशंटच्या छातीवर ठेवलं की आतली डबी सगळं सांगून टाकते. किती ठोके हृदयाचे स्वतःचे, किती तिनं दिलेले, तार नीट आहे का, बॅटरी किती महिने शिल्लक. ज्यांच्या हृदयाचा वरच्या खोलीतून खालच्या खोलीत जाणारा निरोप बंद पडलेला असतो, त्यांना ही डबी दर ठोक्याला आठवण करते. चल. चल. चल. एवढंच तिचं काम. दिवसाला लाखभर वेळा, न कंटाळता. असा कारकून सरकारला मिळाला तर देश कुठल्या कुठे जाईल.

लोक मला विचारतात, म्हाताऱ्या माणसाला हे बसवून पुढे होतं काय? तर मी पाहिलेलं सांगतो. बहुतेक वेळा काहीच होत नाही. चक्कर येऊन पडणारा माणूस पडायचा थांबतो आणि मग पुढे त्याचं जे व्हायचं ते सावकाश होतं. काहींचं हृदय वर्षानुवर्षं एकाच बाजूनं ढकललं गेल्यानं थकतं, दम लागतो. त्यावर लक्ष ठेवावं लागतं. कधी तार झिजते. पण माझे कित्येक पेशंट डबीनं नाही गेले, म्हातारपणानं गेले, आणि त्याआधी दोन-दोन बॅटऱ्या संपवून गेले. पुरुष डबी मिरवतात. शर्टाचं वरचं बटण उघडं टाकून एसटी स्टँडवर दाखवतात. बायका पदराखाली झाकतात. बायका येतातही उशिरा. कारण बाई चक्कर येऊन पडली तर घरातले आधी तिचा उपास काढतात, मग अशक्तपणा, मग बाहेरचं, आणि सगळं संपलं की कार्डिओग्राम. पण एकदा डबी बसली की बायका अशा चिवट की मुरबाडला माझ्याकडे एक आजी होत्या, त्यांच्या तिसऱ्या बॅटरीपर्यंत त्यांना ऑपरेशन करणारे दोन डॉक्टर रिटायर झाले होते.

भागीरथीआजींची ही पहिलीच. अकरा वर्षं चाललेली. आठ महिन्यांपूर्वी ह्याच खोलीत मी जयरामला सांगितलं होतं, "बॅटरी चौदा महिने शिल्लक आहे. पुढच्या वेळी आलात की बदलायचं ठरवू." आणि पुढच्या पेशंटला हाक मारली होती. त्या दिवशी माझ्याकडे एकवीस पेशंट होते. सांगताना मी एकतीस सांगतो, पण होते एकवीस.

आता जयराम कोण, ते कळल्याशिवाय पुढचं समजायचं नाही. जयराम भातसानगरला धरणावर नोकरीला. रोज पाण्याची पातळी मोजायची, रजिस्टरात लिहायची, वरून सांगतील तेव्हा सांगतील तितका गेट उघडायचा. बावीस वर्षं त्यानं शिल्लक साठा ह्या एकाच गोष्टीचा विचार केलेला. अख्खी मुंबई ज्याच्या रजिस्टरावर आंघोळ करते, असं तो स्वतःबद्दल सांगे, आणि मला ते पटत असे. अशा माणसाला मी म्हणालो, चौदा महिने शिल्लक. तो घरी गेला आणि त्यानं आईचे गेट बंद केले.

खरंच बंद केले. म्हातारीला ओटीवरच्या खाटेवर बसवलं. शेतावर जायचं नाही, भाकरी थापायची नाही, पाणी आणायचं नाही, भांडायचं नाही, मोठ्यानं हसायचं नाही. दिवसातून दोनदा उठायचं, सकाळी आणि संध्याकाळी, न्हाणीपर्यंत. ह्या दोन फेऱ्यांना तो 'आवर्तन' म्हणायचा. कालव्याला ठरावीक दिवशी पाणी सोडतात, त्याला आवर्तन म्हणतात, तसं. भिंतीवर त्यानं कॅलेंडर लावलं होतं आणि रोजच्या रोज टिंबं करत होता.

"साहेब, ह्या टायमाला शिल्लक बगा तुमी," तो खुर्चीचे बांबू सोडवत म्हणाला. डोळ्यांत असा आनंद, जणू बक्षीस घ्यायला आलाय. "थेंब वाया जाऊ दिला नाय."

त्याच्यामागे त्याची बायको सुरेखा उभी होती. तिनं खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

मी आजींना टेबलावर झोपवलं, छातीवर हेड ठेवलं. स्क्रीनवर हिरवी रेघ धावू लागली. ह्या रेघेबद्दल एक गोष्ट सांगायची आहे, जी कुठल्या मॅन्युअलमध्ये नाही.

तपासणीत एक टेस्ट असते. डबीचा वेग मी थोडा थोडा खाली आणतो आणि शेवटी बटण दाबून तिला काही सेकंद गप्प करतो, हे बघायला की हृदय स्वतःहून ठोका देतंय का. डॉक्टर दारात उभ्या असतात, माझं बोट बटणावर असतं, सगळा खेळ काही सेकंदांचा. पण ज्यांच्या हृदयाकडे स्वतःचं काही उरलेलं नसतं, त्यांची रेघ सपाट होते. आणि त्या सेकंदांत माणूस कुठेतरी जाऊन येतो. मी बोट उचलतो, ठोके परत येतात, माणूस परत येतो आणि मला सांगतो कुठे होता ते. कसाऱ्याचे एक रेल्वेतले रिटायर पॉइंट्समन म्हणाले, "थेट घाटमाथ्यापर्यंत सगळे सिग्नल हिरवे होते हो." किन्हवलीच्या एक सत्तरीच्या बाई माझ्यावर चिडल्या. त्यांची आई त्यांची वेणी घालत होती म्हणे, अर्धीच झाली होती, आणि मी त्यांना ओढून आणलं. एकदा एक गुरुजी तीन सेकंदांत सातवीचा अख्खा वर्ग पास करून आले. मी अशी स्वप्नं तीस वर्षं ऐकली. शपथेवर सांगतो, त्यात एकही भीतीचं नव्हतं. त्या सपाट रेघेपाशी सगळं मऊ असतं, उन्हात वाळत घातलेल्या गोधडीसारखं. मी घरी गेल्यावर कधी कधी डोळे मिटून ती रेघ बघत पडायचो, आणि झोप लागायची ती अशी गाढ की बायको आरसा नाकाशी धरायची.

तर आजींचा वेग मी खाली आणला. पन्नास. चाळीस. पस्तीस. मग बटण दाबलं. रेघ सपाट झाली. एक. दोन. तीन. आजींचे डोळे अर्धे मिटले. चेहरा इतका हलका झाला की वय कुठे गेलं कळेना. दोन्ही हात पोटावर होते, ते वर आले आणि बोटं हलू लागली. आळीपाळीनं, अंगठा आत दुमडून, वरून खाली. उजवा, डावा. उजवा, डावा.

"शेवंते," आजी म्हणाल्या, "उबी ऱ्हा गो बाय."

मी बोट उचललं. ठोके आले. आजी परत आल्या आणि छताकडे बघत राहिल्या.

स्वतःचा एकही ठोका नव्हता. म्हणजे डबी थांबली की आजी थांबल्या, इतकं सरळ. मी बॅटरी बघितली. सहा महिने.

"किती साहेब? धा तरी असतील." जयराम पुढे सरकला. "बारा?"

"सहा."

त्याचा चेहरा पडला. चौदातून आठ गेले, सहा राहिले. गणित पहिलीचं होतं. पण त्याला ते मान्य होईना. "नाय साहेब. कसं होईल? आठ मयने गेट बंद हायत. गळती हाय कुटंतरी. तार बगा."

तार उत्तम होती. मी पुढचं पान उघडलं आणि माझं बोट थांबलं.

ह्या डबीत एक बारीक सेन्सर असतो. माणूस चालायला लागला की त्याला हलणं कळतं आणि तो ठोके वाढवतो. बसला की कमी करतो. आणि कुठल्या वेळी किती वाढवले, त्याचा चोवीस तासांचा आलेख ठेवतो. आजींचा आलेख दिवसभर साठावर, भाताच्या खाचरासारखा सपाट. सकाळी एक उंचवटा, न्हाणीचा. संध्याकाळी एक, तसाच. आणि त्या दोघांच्या मध्ये, दुपारी चार ते सव्वापाच, एक अख्खा डोंगर. साठावरून चढत चढत शंभरापर्यंत. मग थोडं पठार. मग उतार.

मी आजींकडे बघितलं. आजींनी डोळे मिटून घेतले.

"जयराम," मी म्हणालो, "आजींच्या आधार कार्डाच्या दोन झेरॉक्स लागतील." झेरॉक्स ही अशी गोष्ट आहे की मागितली की माणूस का विचारत नाही. तो खाली गेला. चौघे गडी चहाला गेले. सुरेखा खिडकीतून बाहेर बघत राहिली.

"आजी, शेवंती कोण?"

"कोन शेवंती?"

"आत्ता हाक मारलीत."

"मी नाय मारली."

"आणि रोज चार वाजता कुठे जाता?"

आजी उठून बसल्या. मशीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "ह्यात दिसतं?"

"दिसतं."

"म्हैस पन दिसते?"

"म्हैस नाही दिसत."

"मंग तुला कसं कललं म्हैस हाय ती?"

खिडकीपाशी सुरेखाच्या तोंडातून फुस्स असा आवाज आला.

मग कळलं ते असं. शेवंती ही आजींची म्हैस. घरात म्हैस असेल तर म्हातारी बसायची नाही, म्हणून जयरामनं ती वरच्या पाड्यातल्या तुळसाबाईला विकली. तुळसाबाई दोहायला बसली तर शेवंतीनं पहिल्या दिवशी बादली उडवली, दुसऱ्या दिवशी तुळसाबाईला उडवलं, आणि तिसऱ्या दिवशी पान्हाच सोडला नाही. चौथ्या दिवशी जयराम ड्यूटीवर गेल्यावर तुळसाबाई लंगडत खाली आली. त्या दिवसापासून आजी रोज चारला वरच्या पाड्यावर. सकाळचं रेडकू पितं, संध्याकाळचं आजी काढतात. जयराम घरी येतो साडेसहाला. तोवर आजी खाटेवर, पदर सारखा करून, थकलेलं तोंड करून.

"खाटेवर बसून बसून पाय सुजलं माजं," आजी म्हणाल्या. "त्या चडावर गेलं की बरं वाटतं. तिच्या पोटाला कान लावून बसते. आत डुबुक डुबुक करतं. झोपच लागते, हातानं दूध काडत काडत. तुला सांगते, तिथं जाऊन येते म्हनून हाय मी."

मग त्यांनी माझं मनगट धरलं. वाळक्या बाईची ती पकड, दोन दिवस वळ होते. "त्याला सांगू नको बाबा. तो तुळसाला शेवंती म्हशाच्या गुरांच्या जत्रेत नेऊन लांब कुनाला तरी इकायला लावील. शब्द दे."

मी शब्द दिला. सांगणार नाही.

जयराम झेरॉक्स घेऊन आला तेव्हा डॉक्टरमॅडम आत बोलावत होत्या. मॅडम कल्याणहून यायच्या, हृदयाच्या डॉक्टर, कमी बोलणाऱ्या. त्यांनी सरळ सांगितलं. आजींच्या हृदयाचा स्वतःचा ठोका नाही. बॅटरी संपायच्या आत डबी बदलायला हवी. तारा त्याच राहतील, फक्त डबी नवी. भूल जागेपुरती. तासाभराचं काम.

"नाय," जयराम म्हणाला.

"का?"

"माजा बाप हर्नियाच्या ऑपरेशनला गेला. तासाभराचंच काम होतं. तो परत आला नाय." तो खाली बघत होता. "ही आठ मयने खाटेवर हाय. हातात जीव नाय तिच्या. तिला टेबलावर घालू? त्यापेक्षा मी आवर्तन एक करतो. दिवसाला एकच. सा मयन्याचं दीड वरीस करून दाखवतो."

मॅडमनी आजींचे सुजलेले पाय बघितले. खुर्ची आणि बांबू बघितले. आठ महिने पूर्ण खाटेवर असलेली ब्याऐंशीची बाई म्हणजे जखम भरायला वेळ, जंतू व्हायची भीती. त्या आजींना म्हणाल्या, "आजी, तुमचा जीव आहे. तुमचं काय म्हणणं?"

आजी मुलाकडे बघून म्हणाल्या, "तो म्हनेल तसं."

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. "विचार करा. जबरदस्ती मी करू शकत नाही."

पेनाचं टोपण लागण्याचा आवाज किती मोठा असतो, हे मला त्या दिवशी कळलं. सहा महिन्यांनी काय होणार ते मी नुकतंच स्क्रीनवर तीन सेकंद बघितलं होतं. तेच, फक्त माझं बोट नसताना.

आता मी शब्द दिला होता सांगणार नाही असा. दाखवणार नाही असा दिला नव्हता. मी प्रोग्रॅमर उचलला, आत नेला आणि जयरामच्या पुढ्यात स्क्रीन फिरवली.

"हे वाचता येतं?"

बावीस वर्षं आलेख वाचणारा माणूस तो. त्यानं एक नजर टाकली आणि त्याचा आवाज ऑफिसातला झाला. "सकाळी एक आवर्तन. संध्याकाळी एक. आनि हे काय? चार ते सव्वापाच विसर्ग वाढलाय. कुनी उगडला गेट?"

त्यानं मान स्क्रीनजवळ नेली.

"रोज?"

"रोज," मी म्हणालो.

"त्या टायमाला आये खाटेवर असते." तो बायकोकडे वळला. "असते ना?"

"पाऊन मैल चड हाय," सुरेखा म्हणाली. "येताना उतार."

"तू सोडलीस तिला?"

"तुमी रोज चायमंदी दूध कुनाचं पिता?"

जयरामचा चेहरा मी वर्णन करणार नाही. भातसाचं धरण भरून वाहताना ज्यांनी बघितलंय त्यांना अंदाज येईल. तो एकदम उसळला. "म्हंजे हिनं संपवली बॅटरी! मी थेंब थेंब साठवतो आनि ही डोंगर चडून वतून येते! म्हशीपायी!"

आजींनी माझ्याकडे बघितलं. तीस वर्षांत पेशंटनं माझ्याकडे बऱ्याच नजरांनी बघितलंय. ही सगळ्यात वाईट. मला वाटलं, गेली म्हैस, गेलं ऑपरेशन, आणि माझा शब्दही गेला.

मी घाईनं बॅटरीचं पान उघडलं. बसवल्यापासूनची सगळी रेघ. "जयराम, हे बघ. ही अकरा वर्षांची पातळी. इथपर्यंत आजी शेतात राबत होत्या. लावणी, कापणी, म्हैस, पाणी, सगळं. आणि इथून पुढे तू गेट बंद केलेस. मला सांग, उतार कुठे बदलला?"

त्यानं रेघेवर बोट ठेवलं. नख वाढलेलं, शाई लागलेली. बोट हळूहळू सरकत गेलं. आठ महिन्यांपूर्वीच्या जागी थांबलं. मागे आलं. परत पुढे गेलं. रेघ कुठेच वाकली नव्हती. राबली तरी तोच उतार, बसली तरी तोच, चोरून डोंगर चढली तरी तोच.

जयराम कितीतरी वेळ त्या रेघेकडे बघत राहिला, मे महिन्यात धरणाच्या काठावर उभा असल्यासारखा.

"बाष्पीभवन," तो म्हणाला.

"काय?" मॅडम.

"गेट बंद ठेवला तरी पानी उतरतं, मॅडम. ऊन पडतं, हवा लागते. ते थांबवता येत नाय. फक्त लिवता येतं रजिस्टरात."

तीस वर्षं मी पेशंटना बॅटरी समजावून सांगत होतो, इतकं सोपं मला कधी जमलं नव्हतं. डबीला जागं राहायलाच बॅटरी लागते. त्यात आजींना प्रत्येक ठोका तीच देत होती, झोपेतसुद्धा. चालताना थोडे ठोके जास्त पडतात, पण एवढ्या मोठ्या खर्चात तो चमचाभर.

"मंग मी बसवली कशाला हिला," जयराम म्हणाला. आवाज इतका बारीक की हा मघाशी जिन्यात ओरडणारा माणूसच का, असं वाटावं. "आठ मयने."

आजी त्याच्या पाठीवर हात फिरवत म्हणाल्या, "जाऊ दे रे. नाय तरी गुडगं दुखत व्हतं. इसावा झाला."

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. "रोज पाऊण मैल चढ चढणारी बाई आहे ही? मग जखमेची काळजी मला नाही. सही करा."

ऑपरेशन कल्याणला झालं. मी काचेमागे नव्हे, आतच, प्रोग्रॅमर घेऊन उभा. डबी बदलताना जुनीतून तार काढून नवीत घालायची असते. आधारासाठी तात्पुरती वायर लावलेली असते, तरी त्या बदलाबदलीत क्षणभर रेघ लांबते. लांबली. आणि खोटं नाही सांगत, त्या क्षणात मीच कुठेतरी गेलो. दुपारचं धरण दिसलं, एकही लाट नसलेलं, त्यात डुंबणारी एक म्हैस, फक्त पाठ आणि शिंगं वर. काठावर कुणीतरी खाली बसलेलं. कुणाला कसली घाई नव्हती. मग कट् असा स्क्रू बसल्याचा आवाज झाला, रेघ परत उड्या मारू लागली आणि मॅडम मला म्हणाल्या, "झोपलात का?"

नवी डबी निदान दहा वर्षांची. जखम आठ दिवसांत अशी भरली की टाके काढणाऱ्या सिस्टरला जागा शोधावी लागली. जयरामनं पहिल्या आठवड्यातच शेवंती परत मागितली. तुळसाबाईनं दिली नाही. दूध काढायला स्वतःची बाई घेऊन येणारी म्हैस पुन्हा मिळायची नाही, म्हणाली.

ह्या सगळ्यातून मी एक शिकलो. पेशंटला शिल्लक किती ते सांगितलं की तो खर्च कशावर होतो, तेही त्याच दमात सांगावं. नाहीतर घरी गेल्यावर लोक हिशेब आपापल्या धंद्यानं करतात आणि त्याचा त्रास म्हाताऱ्या माणसांना होतो. त्या दिवसापासून मी एका पेशंटला दहा मिनिटं जास्त देऊ लागलो. शनिवारी घरी जायला उशीर होऊ लागला. इलाज नाही.

चार महिन्यांनी आजी तपासणीला आल्या. एसटीनं आल्या, जिना चढून आल्या. पायाची सूज उतरलेली. मी हेड ठेवलं, बॅटरी बघितली, तार बघितली. सगळं झकास. आलेख उघडला. दिवसभर छोटेमोठे उंचवटे, भाकऱ्या, अंगण, विहीर. आणि चारला डोंगर. जागच्या जागी.

"काय आजी, शेवंती दूध किती देते आता?"

"आटली. गाबन हाय. दोन मयने झालं."

"दोन महिने?" मी स्क्रीनकडे बघितलं. डोंगर कालचाही होता. "मग रोज चार वाजता एवढा चढ चढून तिकडे जाता कशाला?"

आजींनी ब्लाऊजचं बटण लावलं, पदर घेतला, पिशवी उचलली.

"बसायला," म्हणाल्या.